सोन्याचे उलटे जोडे

भाचा मास्टर्स करायला स्टुटगार्टला आला तेव्हा ताईने फोनवर एवढंच सांगितलं, "मामा आहेस, लक्ष ठेव." आता चोवीस वर्षांच्या पोरावर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही, तेव्हा मी आपलं ठरवून टाकलं की रविवारी त्याला जेवायला बोलवायचं, आमटी-भात खाऊ घालायचा आणि पाऊस नसला तर गाडीत घालून कुठेतरी फिरवून आणायचं. ऑक्टोबरातल्या अशाच एका रविवारी त्याला होखडॉर्फला नेला. "काय आहे तिथे?" म्हणाला. म्हटलं, "एक मेलेला माणूस आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलाय." त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं, म्हणजे अर्धी लढाई तिथेच जिंकली.

होखडॉर्फ हे स्टुटगार्टपासून अर्ध्या तासावरचं खेडं. गावाबाहेर शेतात एक गोल टेकाड आहे, सहा मीटर उंच, गवताने झाकलेलं. हे नंतर पुन्हा रचलेलं. मूळचं टेकाड नांगर फिरून फिरून जवळपास सपाट झालं होतं, त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही, आणि आतल्या खोलीवर दगडांचा एवढा ढीग होता की चोरांची डाळ शिजली नाही. १९७८-७९ मध्ये खोदकाम झालं तेव्हा आतला माणूस, त्याचं सामान, सगळं जसंच्या तसं सापडलं. काळ साधारण इ.स.पू. ५३०.

सामान काय होतं ते सांगायलाच पाहिजे, कारण मी या म्युझियममध्ये चार वेळा जाऊन आलोय आणि चारही वेळा त्या सामानापुढेच रेंगाळलोय. लाकडी खोलीत भिंतीला लागून एक सोफा. सोफाच म्हणायला पाहिजे, दुसरा शब्द सुचत नाही. काशाचा, पाठ टेकायची सोय असलेला, पावणेतीन मीटर लांब, आणि पायांच्या जागी आठ बायकांच्या मूर्ती, एकेका चाकावर उभ्या राहून दोन्ही हातांनी सोफा तोलून धरणाऱ्या. त्यावर चाळिशीचा एक धिप्पाड माणूस आडवा, उंची १.८७ मीटर. डोक्याला बर्च झाडाच्या सालीची टोकदार टोपी, गळ्यात सोन्याचं कडं. सोबत कंगवा, वस्तरा आणि मासे धरायचे गळ! मला त्या गळांचं फार आवडतं. परलोकात जाताना राजाने सोन्याबरोबर फिशिंगचं सामानही पॅक केलंय. समोर चारचाकी गाडा, त्यावर ताटं, भिंतीवर पिण्यासाठी नऊ शिंगं टांगलेली. ताटंही नऊ जणांची. म्हणजे स्वतःसकट नऊ जणांची पंगत. आणि कोपऱ्यात ५०० लिटरची काशाची कढई, जिच्यात मधाची दारू भरलेली होती, हे तळाशी साकळलेल्या परागकणांवरून कळलं.

कढई ग्रीक आहे. तिच्या काठावर तीन सिंह बसलेत, त्यातले दोन ग्रीक कारागिराचे आणि तिसरा कधीतरी हरवला असणार म्हणून इथल्या कोणीतरी बनवून बसवलेला, आणि त्या तिसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की वाटतं बनवणाऱ्याने आयुष्यात सिंह पाहिला नसावा. बघ, स्पेअर पार्ट लोकल मार्केटमधून घेतलाय, असं मी भाच्याला म्हटलं, त्याला ते पटलं, तो ऑटोमोबाइलवाला आहे.

पण त्याला सगळ्यात आवडले ते जोडे. माणसाच्या पायातल्या जोड्यांवर सोन्याच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या मढवल्या होत्या. हे सोनं मेल्यानंतर घाईघाईत घडवलेलं, टेकाडाच्या जागीच कारागिरांनी काम केल्याच्या खुणा मिळाल्यात. आणि त्या घाईत कोणीतरी डाव्याचा पत्रा उजव्या पायाला आणि उजव्याचा डाव्याला लावला. अडीच हजार वर्षं राजा उलटे जोडे घालून झोपलाय! भाचा काचेला नाक लावून बघत होता. "मामा, म्हणजे लास्ट मिनिट डिप्लॉयमेंट," म्हणाला.

मग बाहेर येऊन बाकावर बसलो, मी डब्यातनं आणलेले पराठे काढले, आणि त्याने तो प्रश्न विचारला जो मलाही इथे आल्या आल्या पडला होता. "पण हे लोक म्हणजे जर्मन ना?"

"नाही, केल्ट."

"केल्ट म्हणजे आयर्लंडवाले ना? ते इथे जर्मनीत काय करतायत?"

इथे गाडी अडते. आपल्याला शाळेत युरोप म्हणून जो शिकवला त्यात केल्ट नव्हतेच, रोमन होते, मग एकदम नकाशावर बाण काढून जर्मन टोळ्या आल्या, मग वास्को द गामा. त्यामुळे केल्ट म्हटलं की डोळ्यांपुढे बॅगपाइप आणि हिरवे कपडे. आणि गंमत म्हणजे प्राचीन काळी आयर्लंडमधल्या किंवा ब्रिटनमधल्या लोकांना कोणीही केल्ट म्हटलेलं नाही. ग्रीकांनी नाही, रोमनांनी नाही, त्या लोकांनी स्वतः तर नाहीच. तो शिक्का त्यांच्यावर लागला सोळाव्या-सतराव्या शतकापासून, जेव्हा विद्वानांच्या लक्षात आलं की वेल्श, ब्रेटन, आयरिश या भाषा जुन्या गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, भाषेच्या नात्यातल्या आहेत. १७०७ मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श माणसाने हे सगळं नीट मांडलं आणि तेव्हापासून भाषेवरून माणसांना केल्ट म्हणायची पद्धत पडली. ग्रीकांचे केल्ट मात्र युरोप खंडावरचे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहिलंय की डॅन्यूब नदी केल्टांच्या मुलखात उगम पावते. पुढे तो जे सांगतो त्यात भूगोलाचा गोंधळ आहे, पण डॅन्यूब खरंच या होखडॉर्फपासून गाडीने दोन तासांच्या आत उगम पावते, त्यामुळे मी त्याला माफ केलंय.

मग प्रश्न येतो की ते मुळात आले कुठून. इथे तुम्हाला तीन पार्ट्या भेटतील. जुनी पार्टी म्हणते आल्प्सच्या उत्तरेकडून, ऑस्ट्रियातल्या हालस्टाट गावाच्या आसपासून. तिथे मिठाच्या खाणीचा मॅनेजर होता योहान गेओर्ग रामसाउअर, त्याने १८४६ पासून १८६३ पर्यंत नोकरी सांभाळून ९८० कबरी खणल्या आणि प्रत्येकीचं जलरंगात चित्र काढून घेतलं, कुठला दागिना कुठे होता, तलवार कुठे होती, सगळं. मीठ आहे म्हणून पैसा, पैसा आहे म्हणून काशाची भांडी आणि बाल्टिकचा अंबर, असा तो श्रीमंत गाव. त्यानंतरच्या काळाला नाव पडलं ला तेन, स्वित्झर्लंडच्या नॉयशाटेल तलावाच्या काठावरून, तिथे १८५७ मध्ये तलावाचं पाणी खाली गेलं आणि चिखलात लोखंडी हत्यारं दिसायला लागली. हालस्टाट आणि ला तेन, ही दोन नावं एकत्र केली की पुस्तकातला केल्ट तयार होतो. दुसरी पार्टी म्हणते, अहो भाषेचा पत्ता भांड्यांवरून काढू नका, केल्टिक भाषा पश्चिमेला अटलांटिकच्या काठावर जन्मली आणि समुद्रव्यापारातून पसरली. बॅरी कनलिफ आणि जॉन कॉक यांनी हे जोरात मांडलं. तिसरी म्हणते दोन्ही टोकं सोडा, मधल्या फ्रान्सच्या आसपास बघा. मला विचाराल तर अटलांटिकवाली गोष्ट ऐकायला भारी पण पुराव्याला हलकी वाटते. केल्टिक भाषेतलं सगळ्यात जुनं लिखाण मिळतं ते उत्तर इटलीतल्या सरोवरांच्या भागात, इटलीतल्याच एट्रुस्कन लोकांकडून उसनी घेतलेली लिपी वापरून, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. म्हणजे आमच्या होखडॉर्फवाल्याच्या काळातलं. तो स्वतः मात्र एक अक्षर मागे ठेवून गेला नाही, त्यामुळे तो घरी कुठली भाषा बोलत होता हे छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे जरा संशयाने बघावं.

आता जर्मन. इथे मुख्य आरोपी एकच, ज्युलियस सीझर. इ.स.पू. ५८ पासून आठ वर्षं हा माणूस गॉल जिंकत होता आणि सोबत रोमला वाचायला रिपोर्ट लिहीत होता, आणि त्या रिपोर्टात त्याने एक रेघ मारली: ऱ्हाइन नदी. नदीच्या अलीकडे गॉल, जे स्वतःच्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणतात. पलीकडे गेर्मानी. अलीकडचे लोक शेती करणारे, गावं वसवणारे, पुजारी ठेवणारे, म्हणजे जिंकून फायदा आहे असे. पलीकडचे दूध, चीज आणि मांस खाणारे, शेतीत लक्ष नसणारे, जंगली. सीझर दोन वेळा नदीवर पूल बांधून पलीकडे गेला, पहिला पूल इ.स.पू. ५५ मध्ये दहा दिवसांत उभा केला, अठरा दिवस पलीकडे फिरला आणि परत येऊन स्वतःच तोडून टाकला. आता बॉसला काय सांगणार? पलीकडचा मुलूख जिंकता आला नाही असं? त्यापेक्षा पलीकडे वेगळीच जमात राहते, तिथे जाण्यात अर्थ नाही, आपलं काम नदीपाशी पूर्ण झालं, हे किती सोयीचं. प्रोजेक्टचा स्कोप कसा बंद करायचा हे सीझरकडून शिकावं. त्याने रोमच्या सिनेटला मामा बनवलं आणि तिच्या मागोमाग दोन हजार वर्षं सगळ्या युरोपला.

कारण त्याच्याच रिपोर्टात ही रेघ जागोजागी पुसली जाते. अरिओविस्टस बघा. हा जर्मनांचा मोठा राजा, सीझरचा शत्रू. सीझर लिहितो की हा माणूस गॉलिश भाषा सफाईने बोलतो, खूप वर्षांच्या सवयीने. त्याला दोन बायका, एक स्वेबी, म्हणजे त्याच्या जर्मन मंडळींपैकी, आणि दुसरी नोरिकमच्या, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाकडच्या, राजाची बहीण, म्हणजे केल्टांची लेक. सोयरीक आहे, भाषा आहे, आणि रेघ मधे! किंवा अँबिओरिक्स, बेल्जियमच्या भागातला एबुरोनांचा राजा. एबुरोनांना सीझर गेर्मानी म्हणतो, ते राहतात नदीच्या अलीकडे, आणि राजाचं नाव अस्सल केल्टिक. गॉलच्या उत्तरेकडचे बेल्गी लोक तर सांगायचे की आमच्यातले बहुतेक मूळचे पलीकडचेच. त्याआधी डेन्मार्ककडून खाली येऊन रोमला घाम फोडणारे सिंब्री, ज्यांनी इ.स.पू. १०५ मध्ये अराउसिओला रोमन फौज कापून काढली, ते जर्मन म्हणून शिकवले जातात आणि त्यांच्या राजाचं नाव बोइओरिक्स. पुन्हा तोच रिक्स, केल्टांचा 'राजा'.

आणि जमिनीत काय सापडतं? ऱ्हाइनच्या दोन्ही बाजूंना सारखीच तटबंदीची मोठी गावं, सारखीच नाणी. बव्हेरियातलं मानशिंग हे त्यातलं एक, सव्वासात किलोमीटरचा तट, ऱ्हाइनच्या चांगलं पूर्वेला. तिथे १९९९ मध्ये ४८३ सोन्याच्या नाण्यांचा साठा मिळाला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चोरांनी टेलिफोनच्या केबल तोडून म्युझियम फोडलं आणि सगळा पळवला, त्यातला काही भाग नंतर वितळवलेल्या गोळ्यांच्या रूपात हाती लागला. दोन हजार वर्षं जमिनीत शाबूत आणि जमिनीबाहेर तेवीस. असो. मुद्दा असा की खरोखर फरक पडतो तो खाली-वर: दक्षिण जर्मनीत ही केल्टिक धाटणीची गावं, आणि उत्तरेला एल्ब नदीच्या आसपास वेगळ्या प्रकारची खेडी, वेगळी मडकी, साध्या कबरी, ज्यांना पुरातत्त्ववाले यास्टोर्फ म्हणतात आणि जर्मनिक भाषांचं माहेर बहुतेक तिकडेच शोधतात. सीझरने नदी सापडली म्हणून उभी रेघ मारली, प्रत्यक्षात होता तो आडवा आणि भरपूर पुसट पट्टा.

भाचा म्हणाला, "म्हणजे नाव देणारा एक आणि राहणारे वेगळेच."

म्हटलं, आपण तरी काय केलं? पोर्तुगीजांना आपण फिरंगी म्हणालो. हा शब्द फारसीतून आला, फारसीत अरबीकडून, आणि त्याच्या मुळाशी आहेत फ्रँक, ऱ्हाइनकाठची एक जर्मनिक टोळी. या फ्रँकांनी जाऊन गॉल घेतला, तेव्हापासून केल्टांच्या देशाचं नाव जर्मन टोळीवरून फ्रान्स पडलं, तिकडच्या लोकांनी भाषा मात्र उचलली रोमनांची. आता सांगा फ्रेंच माणूस कोण? आणि तेच नाव क्रुसेडच्या वेळी पूर्वेकडे गेलं आणि फिरत फिरत आपल्याकडे येऊन गोव्याच्या पोर्तुगीजाला चिकटलं, ज्याचा त्या टोळीशी काही संबंध नाही. मराठ्यांच्या हातातल्या सरळ पात्याच्या तलवारीलाही आपण फिरंग म्हणालो, कारण पातं युरोपातून यायचं. आणि आपल्या 'हिंदू' या शब्दाचंही तेच, पलीकडच्या इराण्यांनी सिंधू नदीवरून पाडलेलं नाव, 'स'चा 'ह' करून. नदी बघून लोकांची नावं ठरवायची हौस सीझरची एकट्याची नव्हती.

मग तो म्हणाला, जर सगळी एवढी सरमिसळ आहे तर केल्ट आणि जर्मन वेगळे आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता? बरोबर प्रश्न आहे. उत्तर आहे भाषा, आणि त्यासाठी एकच शब्द पुरतो: पितर. संस्कृतात पितृ, लॅटिनमध्ये पातेर. जर्मनिक लोकांनी या 'प'चा 'फ' केला, म्हणून इंग्रजी फादर, जर्मन फाटर. आणि केल्टांनी? 'प' गिळूनच टाकला. जुन्या आयरिशमध्ये बाप म्हणजे अथिर, आजच्या उच्चारात अहिर. गायीचंही बघा, आपली गो, जर्मन कू, आयरिश बो. एकाच घरातून निघालेली तीन भावंडं, प्रत्येकाची जीभ वेगळीकडे वळलेली. हे नातं कलकत्त्यात २ फेब्रुवारी १७८६ ला विल्यम जोन्सने भर सभेत सांगितलं तेव्हा त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिनसोबत गॉथिक, म्हणजे एक जुनी जर्मनिक भाषा, आणि केल्टिकही त्याच मुळाचे असावेत असं म्हटलं होतं. जोन्सचे वडील वेल्श, अँगल्सी बेटावरचे, π हे चिन्ह वापरात आणणारे तेच. म्हणजे एका केल्टिकभाषक बापाच्या पोराने बंगालमध्ये संस्कृत शिकता शिकता जर्मन आणि केल्ट चुलतभाऊ असल्याचं सांगितलं. त्याच्या आधी शे-दीडशे वर्षं कित्येक विद्वान दोघांना एकच समजत होते!

वेगळे झाल्यावरही शेजार सुटला नाही. जर्मन भाषेतले सगळ्यात दणकट जर्मन वाटणारे शब्द घ्या आणि खाली खरवडा. राइश, म्हणजे साम्राज्य, तो शब्द जो ऐकून अजून अंगावर काटा येतो. मूळ शब्द आपला राजा, लॅटिन रेक्स. मूळच्या 'ए'चा 'ई' करणं ही केल्टांची खोड, म्हणून त्यांच्याकडे रीक्स, सीझरशी लढलेल्या गॉल सरदाराच्या, वेर्सिंगेटोरिक्सच्या नावातला तोच. जर्मनिकमध्येही 'ई'च आहे, म्हणजे हा शब्द त्यांनी घरचा ठेवलाच नाही, केल्टांकडून उसना घेतला. आणि त्यातल्या 'ग'चा 'क' झालाय, हा बदल जर्मनिक भाषांमध्ये एका ठरावीक काळात झाला, त्यामुळे उसनवारी त्याच्या आधीची, सीझर जन्मायच्याही आधीची. लोखंडाला जर्मनमध्ये आयझन, इंग्रजीत आयर्न, हाही केल्टांकडचा. कुंपणाला जर्मनमध्ये त्साउन आणि इंग्रजीत टाउन, दोन्ही बहुधा केल्टांच्या दून या शब्दावरून, म्हणजे किल्ला. राजा, लोखंड, किल्ला. हे शब्द भाजी आणताना शिकत नाहीत. ज्याची सत्ता त्याचे शब्द, आपण नाही का सरकार, दरबार, फौज, दफ्तर, हुकूम हे सगळं फारसीतून घेतलं, इतकं की शिवाजी महाराजांना त्यांच्याऐवजी संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश करून घ्यावा लागला. तरी सरकार राहिलंच.

उलट दिशेने जे गेलं ते मात्र शब्द कमी आणि टोमणे जास्त. वोल्काय नावाची एक केल्टिक टोळी जर्मनांच्या शेजारी राहायची. त्यांच्या नावावरून जर्मनांनी 'वाल्ह' असा शब्द केला आणि तो हळूहळू सगळ्याच परक्यांना लावला. त्यातूनच वेल्स, बेल्जियमचे वालून, कॉर्नवॉलमधला वॉल, आणि वॉलनट, म्हणजे अक्रोड, परक्यांकडचं कवचाचं फळ. वेल्श लोकांना स्वतःच्याच देशात परके म्हटलं गेलं, आणि ते स्वतःला म्हणतात कम्री, म्हणजे एकाच मुलखातले, आपलेवाले.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याला पुतळे फुटले. फ्रान्सने वेर्सिंगेटोरिक्स आपला आजोबा ठरवला, तिसऱ्या नेपोलियनने १८६५ मध्ये त्याचा पुतळा उभा केला आणि चेहरा दिला स्वतःचा. जर्मनांनी १८७५ मध्ये रोमनांना हरवणाऱ्या आर्मिनियसचा पुतळा पुरा केला, तलवार उगारलेली, तोंड फ्रान्सकडे. नुसती ती तलवार ७ मीटरची, वेर्सिंगेटोरिक्स अख्खा जेमतेम तेवढा. सीझरची रेघ आता दगडात आणि तांब्यात. मग कोसिनासारखे पुरातत्त्वाचे जर्मन प्राध्यापक आले ज्यांनी मडकं दिसलं की त्यामागे वंश बघायला सुरुवात केली, आणि ते पुढे नाझींच्या कामी आलं. पण त्याच काळात केल्टिक भाषांचा पहिला पक्का व्याकरणग्रंथ कोणी लिहिला? योहान कास्पार त्सॉइस, बव्हेरियाचा, १८५३ मध्ये. जुनी आयरिश वाचायला आयरिश लोकांना शिकवलं ते जर्मन मास्तरांनी. हे मला फार गोड वाटतं, पुतळेवाल्यांना ते सोयीचं नाही.

दोन वर्षांपूर्वी कोपनहेगनला ऑफिसच्या कामाने गेलो होतो, तेव्हा एक दुपार काढून गुंडेस्ट्रुपची कढई बघून आलो. १८९१ मध्ये डेन्मार्कच्या दलदलीत पीट खणणाऱ्यांना सापडली, चांदीची, जवळपास नऊ किलोची, पत्रे सुटे करून एकात एक रचून ठेवलेली. जागा सिंब्रींच्या मुलखातली, म्हणजे जर्मनिक. पत्र्यांवरची चित्रं केल्टिक, शिंगांचा देव मांडी घालून बसलाय, एका हातात गळ्यातलं कडं आणि दुसऱ्या हातात साप. काम थ्रेसच्या, म्हणजे आजच्या बल्गेरियाकडच्या, कारागिरांच्या पद्धतीचं. आणि एका पत्र्यावर बाईच्या दोन्ही बाजूंना हत्ती. चक्क हत्ती! मी उभ्या उभ्या ताईला फोटो पाठवला, तिचा रिप्लाय आला, "अय्या, गजलक्ष्मी." मांडीवाला देव बघून लोक मोहेंजोदडोच्या पशुपतीशी नातं जोडतात, मी त्या भानगडीत पडत नाही, पण ते हत्ती ज्याने काढले त्याने हत्तीची गोष्ट कोणाकडून तरी ऐकली असणार, पायांवरून तरी असंच वाटतं. ही कढई केल्टांची की जर्मनांची असं तिथल्या गार्डला विचारलं असतं तर त्याने टॉयलेट कुठे आहे ते सांगितलं असतं.

भाच्याला खरी मजा मी शेवटी ठेवली होती. होखडॉर्फपासून दहाएक किलोमीटरवर आस्पेर्ग नावाची टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी अशाच एका श्रीमंत माणसाची कबर मिळाली होती, जरा नंतरची. २०२४ मध्ये दोघांच्या हाडांतला डीएनए तपासून निकाल आला. नातं जवळचं. आणि बापाकडून नाही, आईकडून. बहुधा होखडॉर्फवाला मामा, आणि आस्पेर्गवाला त्याच्या बहिणीचा मुलगा. मोठेपण मामाकडून भाच्याकडे गेलं.

"म्हणजे गादी मला," भाचा म्हणाला.

"आधी जोडे सरळ घालायला शीक," म्हटलं.

आणि ही काही एकटीदुकटी गोष्ट नाही. लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकाराने एक जुनी कथा दिलीय, गॉलचा राजा अँबिगाटस म्हातारा झाला, मुलखात माणसं मावेनात, तेव्हा त्याने आपल्या बहिणीच्या दोन मुलांना बाहेर पाठवलं. चिठ्ठ्या टाकल्या. एका भाच्याच्या वाट्याला इटली आली, दुसऱ्याच्या वाट्याला ऱ्हाइनपलीकडचं हर्सिनियन जंगल, म्हणजे आज मी जिथे घरभाडं भरतो तो भाग. ही झाली केल्टांची कथा. आता टॅसिटस हा दुसरा रोमन इतिहासकार बघा, इ.स. ९८ मध्ये तो जर्मनांवर लिहितो आणि त्यांची खासियत म्हणून सांगतो की यांच्यात बहिणीच्या मुलाला मामाकडे बापाइतकाच मान असतो, काही जण तर हे नातं बापाच्या नात्यापेक्षाही पवित्र मानतात. तो जी गोष्ट जर्मन म्हणून मांडतोय ती त्याच्या सहाशे वर्षं आधी केल्टांच्या राजघराण्यात हाडांमध्ये लिहिलेली आहे. हे मी भाच्याला सांगत असताना तो शेवटचा पराठा खात होता, जो माझा होता. शकुनीमामा आणि कंसमामा एवढेच मामा ज्या पोरांना माहीत, त्यांना टॅसिटस वाचून दाखवायला पाहिजे.

परत येताना त्याने गाडीतूनच ताईला फोन लावला आणि सांगितलं की मामाने आज थडगं दाखवलं. ताई म्हणाली, रविवारचं?

पुढच्या महिन्यात त्याचं राहण्याचं परमिट वाढवायचं होतं. सकाळी साडेसातला आम्ही त्या सरकारी ऑफिसात नंबर घेऊन बसलो, बाहेर अंधार, आत ती पिवळी ट्यूबलाइट, एकाच काउंटरवर माणूस. वेळ घालवायला म्हणून मी त्याला सांगितलं की दारावर पाटीत जे 'आम्ट' लिहिलंय, म्हणजे कार्यालय, तो शब्दही केल्टांचाच आहे बरं का. अंबाक्टोस. सीझरनेही लिहून ठेवलाय, गॉलच्या सरदारांच्या अवतीभोवती फिरणारे सेवक, हुकमाचे ताबेदार. त्यावरून आम्ट.

आमचा नंबर ८१. बोर्डावर ४७ लागला, आणि काउंटरवरची काच खाली आली.

भाचा घड्याळाकडे बघत म्हणाला, "मामा, सेवक ब्रेकला गेले वाटतं."